निशाणी बांगडी

रामकुंडावर गुरुजींनी विचारलं, मूळ गाव?
मी म्हटलं, जेलरोड.
ते हसले नाहीत. म्हणाले, हा पत्ता झाला, ताई.
गाव सांगा, म्हणजे वही काढता येईल.

अण्णांच्या अस्थी तेव्हा माझ्या मांडीवर,
मडक्याचं तोंड लाल फडक्यानं बांधलेलं.
चौतीस वर्षं त्यांनी नोटांच्या छापखान्यात नंबर तपासले,
एक आकडा मागेपुढे झाला तर अख्खा गठ्ठा बाद.
आणि स्वतःच्या आजोबांचं नाव विचारलं
की म्हणायचे, असेल काहीतरी. चहा टाक.

मग मी विचारत सुटले.
सिन्नरची कौसल्याआत्या फोनवर अर्धा तास
गुडघ्यांबद्दल बोलली,
ठेवता ठेवता म्हणाली, आपण आधी आढाव नव्हतो गं.
मग कोण होतो?
ते तुझ्या आजोबांना ठाऊक.
आजोबांना जाऊन एकेचाळीस वर्षं झाली.

त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून,
वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून,
गुरुजींनी एका बैठकीत जन्माला घातलेला वर्ग.
जन्मस्थळाच्या रकान्यात शाईचा एक डाग.

कुणाला सुरुवात करायची असेल तर सांगते,
कागदांकडे नंतर जा.
आधी माळ्यावर चढा, भांडी उतरवा.
मला सापडलं पितळी घंगाळ, आत कोळ्याचं घर.
चिंच लावून घासलं तेव्हा काठावर
टिंबाटिंबांनी उमटत गेलं:
गंगू भ्र. विठू बोडके, दोडी.
‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, हे मागून कळलं,
आधी वाटलं तांबटाचा हात चुकला.

शनिवारी पुन्हा पंचवटीत.
दोडी म्हटल्यावर गुरुजी उठले,
लाल कापड सोडलं, लांबोडकी वही मांडीवर घेतली.
पुतण्यानं मोबाइलचा उजेड धरला.
मोडी अक्षरं हात सोडायला तयार नव्हती,
एक शब्द कुठं संपतो ते सांगत नव्हती.
शके अठराशे चाळीस, पौष.
त्या पानावर मयत, तापाने.
त्याखाली मयत, तापाने.
त्याखालीही.
गुरुजींचं बोट ओळीओळीनं खाली आलं आणि थांबलं.

विठू बोडके, मयत, तापाने.
अस्थी घेऊन बायको आली. कडेवर मूल.
सोबत कोणी नाही.
दक्षिणा बाजरी एक पायली, पैकी अर्धी बाकी.

मुलाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.
ते आढावांकडे कसं गेलं,
तिनं दिलं, की कुणी नेलं, की तीच गेली,
वहीत नाही.
मागची पानं कसरीनं खाल्लेली,
पुढच्या पानांवर गंगू नाही.

पण ओळीच्या शेवटी एक गोल आहे.
गुरुजी म्हणाले, सही येत नसली
की बाप्ये नांगर काढायचे, बायका बांगडी.
निशाणी बांगडी.
हा लेखनिकाचा हात नाही.
टाक जोरात दाबलेला, शाई पलीकडे फुटलेली,
खाली उजवीकडे गोल जुळलेला नाही.
मी त्या फटीवर बोट ठेवलं.
पुतण्या म्हणाला, ताई, हात नका लावू.

मग गुरुजींनी नवं पान माझ्याकडे सरकवलं.
मी अण्णांचं नाव लिहिलं, आजोबांचं लिहिलं,
आडनावापाशी थांबून दोन्ही लिहिली.
अस्थी कोणी आणल्या? मुलीनं.
सोबत कोणी? इथं मला थोडा वेळ लागला.

उठताना म्हटलं, ती अर्धी पायली मी देते.
राहू द्या हो, शंभर वर्षं झाली.
म्हटलं, एक आकडा चुकला तर गठ्ठा बाद होतो.
त्यांना काही कळलं नाही.

रविवार कारंजावर दुकानदाराला म्हटलं,
बाजरी, अर्धी पायली.
तो म्हणाला, किलोत सांगा.
किलोत किती, ते मला ठाऊक नव्हतं.